दारापर्यंतची तीन पावलं

४ मार्च
मोजलाच आज! टेप घेऊन गेले आणि अपघात विभागातला बोळ मोजला. दोन्ही बाजूंना स्ट्रेचर लावल्यावर मधे उरतात जेमतेम पावणेदोन फूट. आबांच्या तालमीतल्या सात पावलांच्या पवित्र्याला आठ फूट मोकळी जागा लागते, कोरडी जमीन लागते, अनवाणी पाय लागतात. इथे फरशी दिवसातून चारदा पुसतात, वाळत कधीच नाही. नर्सबायांच्या पायात रबरी सँडल, हातात ट्रे. कपाळ माझं!

गेल्या महिन्यात एका नर्सला पेशंटच्या माणसांनी भिंतीवर आपटलं, म्हणून हे स्वसंरक्षणाचे वर्ग. चौदा जणी आहेत. मोठ्या सिस्टर – वय छप्पन्न, डाव्या गुडघ्याला पट्टा – पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, मला कुणाला लोळवायचं नाहीये. मला फक्त दारापर्यंत पोचायचंय." दार म्हणजे औषधांच्या खोलीचं. त्याला आतून कडी आहे.

५ मार्च
आबांशी बोलले. पाऊल लहान करू, बैठक उंच करू, सँडल घालूनच शिकवू. तालीम त्यांची, पवित्रा त्यांचा, म्हणून विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं!

ते तालीम झाडत होते. हल्ली स्वतःच झाडतात, दिवसातून तीनदा, दुसऱ्या कुणाला झाडूला हात लावू देत नाहीत. मान वर न करताच म्हणाले, "तळपायाला डोळे असतात. त्यांना झापडं बांधणार तू?"
म्हटलं, आबा, तिथे फिनेल असतं, सुया पडलेल्या असतात.
"मग झाडून घ्यायचं."
अपघात विभाग झाडून घ्यायचा! समोरच्याला सांगायचं, जरा थांबा हो, केर काढते, मग मारा.
"बदलायचं तर बदल. माझं नाव लावू नकोस."
झालं. विषय संपला.

९ मार्च
शेवटी आबांच्याच पद्धतीने. चव्वेचाळीस वर्षांची घोडी झाले, तरी बापापुढे तोंड उघडत नाही! नर्सबायांना तालमीत आणते. आबा "पायताण!" म्हणून ओरडतात की चौदाही जणी खाली वाकून सँडलचे पट्टे सोडतात. मगच पहिलं पाऊल. मोठ्या सिस्टर सगळ्यांत आधी वाकतात. आबा खूश.

पूर्वी आबा डोळ्यांवर पट्टी बांधून सातही पावलं टाकायचे. म्हटलं, दाखवा ना यांना एकदा.
"मी काय सर्कशीत आहे?"
बरं बाबा, नका दाखवू. बसा खुर्चीत.

१० मार्च
पाऊल चुकलं की मोठ्या सिस्टर जमिनीला "सॉरी" म्हणतात.

१५ मार्च


दुपारी भेटीच्या वेळेत एका पेशंटचा भाऊ बोळात अंगावर धावून आला. मोठ्या सिस्टरांपासून दार चार पावलांवर. चार! आणि त्यांनी काय करावं? त्या थांबल्या. खाली वाकल्या. सँडलचा पट्टा सोडायला लागल्या! वाकलेल्या बाईला पाडायला असा कितीसा जोर लागतो? मनगट मोडलं.

मी धावत गेले तर प्लास्टर घालून त्याच माझी समजूत काढताहेत. "शिकवलेलं विसरले नाही हं, ताई. आधी पायताण."
हसू की रडू! रडले. तिथेच, वॉचमनसमोर.

आबांना काय बोल लावायचा? त्यांनी तो बोळ पाहिलेला नाही. मी पाहिला होता. मोजला होता!

१६ मार्च
तरीही लावला. "तुमच्या त्या तळपायाच्या डोळ्यांपायी एका बाईचा हात मोडला!" असं तोंडावर म्हटलं. ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत. भिंतीला हात लावून उठले आणि झाडू घेतला. पुन्हा झाडू! तो हिसकावून फेकून द्यावासा वाटला मला.

२० मार्च
वर्ग आता वॉर्डातच, सँडल घालूनच, आबांचं नाव न लावता. तीन लहान पावलं. पाय जेमतेम उचलायचा आणि अख्खा एकदम टेकवायचा, म्हणजे ओल्यावर घसरत नाही. ट्रे छातीशी, एक हात स्ट्रेचरच्या दांडीला, नजर दारावर. दिसायला? बदकांची पलटण! मोठ्या सिस्टर हात गळ्यात अडकवून आल्या आणि सगळ्यांच्या आधी दाराला पोचल्या. टाळ्या पडल्या. कडी लावून आतून ओरडल्या, "आता चहा आणा, मगच उघडते!"

घरी मात्र आबा पाच दिवस बोलत नाहीत. ताट अर्धं तसंच. आज उंबऱ्याला अडखळले, धरायला गेले तर माझा हात झिडकारला. हट्टी म्हातारा! मलाही बोलायचं नाही मग.

२२ मार्च
तालमीच्या जमिनीवर रक्ताचे ठसे! चार, एकाच पायाचे, पवित्र्यातल्या एकाआड एक पावलांवर. सकाळी तालमीत शिकायला येणाऱ्या मुलींना झापलं – पाय कापला तर सांगायला काय होतं? सगळ्यांनी तळवे दाखवले. एकीचाही कापलेला नाही. आबा खुर्चीत बसून ऐकत होते.

२३ मार्च
आबांच्या टाचेतून नखाएवढी काच काढली. कालपासून आत होती. मी चिमट्याने ओढत होते आणि ते शांतपणे खिडकीबाहेर बघत होते.
"आबा, दुखत नाही?"
"दोन वर्षं झाली. खाली काहीच कळत नाही गं. जमीन आहे की नाही, तेसुद्धा नाही."

पट्टी बांधली. पाय खाली ठेवायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं माझं.
"त्या सिस्टरांना शिकवलंस ते मला शिकव. दारापर्यंत."