धोट्याचा वेग

बांडुंग,
९ मार्च

प्रिय अमाक,

तुझ्या लेकीचा सलाम. मी बरी आहे. इथलं जेवण गोडच, म्हणून तू दिलेलं तिखट रेंदांग पुरवून पुरवून खाल्लं, काल संपलं. मागावर बसताना गुडघ्याखाली उशी घेतेस ना?

ईदला मी तुला माझा विषय समजावत होते, आठवतं? अतिसूक्ष्म कण डबीत कोंडला तर त्याचा सरासरी वेग शून्य येतो, असं म्हटलं. तू मागावरून मान न उचलता म्हणालीस, "म्हणजे जागचा हलतच नाही. एवढं शिकायला चार वर्षं लागली होय गं?" सगळे हसले. मग तूच हातातल्या धोट्याकडे बघत पुटपुटलीस, "तसा याचाही शून्यच की. जितका उजवीकडे, तितकाच डावीकडे."

अमाक, आमच्या वर्गात इतक्या चटकन हे कुणालाच कळलं नव्हतं.

उरलेलं मी तेव्हा सांगितलं नाही. तो कण कधीच स्वस्थ नसतो. डबी जितकी लहान करावी, तितकी त्याची तडफड वाढते. आणि वेग अगदी नेमका शून्यच हवा म्हटलं, तर तो कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

सफ्रियालदादा जाकार्ताला निघाला तेव्हा तू डबे भरून दिलेस. मुलांनी बाहेर पडायचं, घर आणि माग मुलीनं सांभाळायचा, ही आपली रीत. म्हणून तर मागावर अर्धं कापड ठेवलंयस. घरातली पहिली पदवी घेऊन रेस्मिता येईल आणि ते पुरं करील, असं तू शेजारणींना सांगतेस. मीही हो म्हटलं होतं.

सिंगापूरहून पुढच्या शिक्षणासाठी बोलावणं आलंय. पाच वर्षं. फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचं विचारून ठेवला.

मी होकार कळवला, अमाक. गुरुवारी. तुला न विचारता.

त्या कणांचं कोडं आपल्यासारख्या घरातल्या कुणीतरी सोडवावं, असं मला मनापासून वाटतं. तरी खोलीत शांत बसले की तुझ्या मागाची खटखट ऐकू येते. मग मी उठून खिडकीपाशी जाते. परत येऊन बसते. पुन्हा उठते.

ते कापड माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. तूच विणून घे. शेवटची एक वीत मात्र राहू दे.

जितकी उजवीकडे, तितकीच डावीकडे,
तुझी
रेस्मिता