सासूबाईंनी न घेतलेलं नाव

३ डिसेंबर, मंगळवार

नेरच्या बँकेतून हात हलवत परत! कागदपत्रं नवीन केली नाहीत म्हणून सासूबाईंचं खातं अडवून ठेवलंय. सरकारी योजनेचे पैसे त्यातच अडकलेत, आणि त्यातूनच त्यांना कवळी बसवायची आहे. दीड वर्ष झालं, बाई भाकर दुधात कुस्करून गिळतेय.

काउंटरवरच्या साहेबाने विचारलं — "नवऱ्याचं नाव?" सासूबाई गप्प. मी तोंड उघडलं तर म्हणे, "तुम्ही नका सांगू, खातेदाराला सांगू द्या." आणि शेवटी — "स्वतःच्या नवऱ्याचं नाव माहीत नाही? खातं तुमचंच आहे ना, आजी?"

चोरच ठरवलं की! नुसता संताप झाला. दोघींची कापूस वेचायची मजुरी बुडाली ती वेगळीच.

४ डिसेंबर

सासरे, म्हणजे डोमाजी, सकाळी चहा पिताना हसत होते — "घे ना वं माझं नाव. मी काई लगेच मरून नाही राह्यलो."

सासूबाई भाकर थापता थापता म्हणाल्या, "नाव घेतलं का मानसाचं आयुष्य कमी होते. दातासाठी तुमचं आयुष्य कमी करू का?"

सासऱ्यांचं हसणं थांबलं.

"अंधश्रद्धा!" — इति रोशन. (मी तर नवऱ्याचं नाव खुशाल घेते, ठणठणीत आहे!) विहारात वंदनेला सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या पुढे, आणि हे असं! मलाही पटत नाही. पण सासऱ्यांवर त्यांचा इतका जीव आहे, हे बघून गलबलून आलं.

९ डिसेंबर

पुन्हा बँक. सर्व्हर डाऊन. परत.

१० डिसेंबर, मंगळवार

झालं! खातं सुरू झालं!!

तोच साहेब, तोच प्रश्न. सासूबाईंनी पदर खोचला. "साहेब, माह्या बापाचं नाव विचारा. मायचं विचारा. खातं कोनत्या साली काढलं थे विचारा. त्यायचं नाव म्या लग्नापासून घेतलं नाही, तुमच्या बँकेसाठी बी घेनार नाही. अन् काम झाल्याबिगर इथून हालनार बी नाही!"

मग मागून आमच्या गावची धुरपताबाई ओरडली — "डोमाजी! लिहा, डोमाजी!" मग बायांची अख्खी रांगच ओरडायला लागली. मॅनेजर मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. आधारवरचा फोटो पाहिला, सासूबाईंना दोन-चार प्रश्न विचारले आणि साहेबाला म्हणाल्या, "पटली ओळख. करून टाका."

मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी नाव सांगून मोकळी झाले असते, नाहीतर रडत घरी आले असते. ही बाई हटली नाही! काय अभिमान वाटला मला.

११ डिसेंबर

काल एक गोष्ट लिहिलीच नाही. लिहवली नाही.

साहेबाने शेवटी विचारलं होतं, "वारस कोण लावायचं?" धुरपताबाई पुन्हा ओरडायच्या तयारीत. सासूबाई म्हणाल्या, "उर्वशी. माही सून."

"मुलगा नाही का?"

"हाय ना. त्याच्या नावावर घर हाय, वावर हाय. हिच्या नावावर काय हाय?"

रोशनला अजून सांगितलेलं नाही.