स्वस्त तिकिटातले दोन दिवस

३ डिसेंबर
दादा येतोय. दोन दिवस. तिकीट हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त मिळालं म्हणे. आईने लगेच उशांचे अभ्रे बदलले.
डॉक्टरांनी शिवण बंद करायला सांगितलंय. सुईचं नेढं तिला दिसत नाही आता. तरी बाबांच्या शर्टांची गोधडी पुरी करत आणलीय – दादाच्या शहरात थंडी फार. शेवटची कड मी घालते म्हटलं, तर म्हणाली, "तू तुझी विमानतळावरची मशीनं दुरुस्त कर. हे माझं मला करू दे."

६ डिसेंबर
विमानतळावर पाय ठेवायला जागा नाही. सगळ्या बेटावर राहत नसतील एवढी माणसं एका हॉलमध्ये. समुद्र बघायला आलेली, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. सामान तपासायच्या एका मशीनचा पट्टा अडकला. खोलून परत बसवला. मागून एक बाई म्हणाली, "अर्धी सुट्टी तुमच्या रांगेतच गेली की हो." खरं होतं.
त्याच गर्दीतून दादा आला. पाठीवर छोटी पिशवी.
"एवढंच?"
"स्वस्तात एवढंच बसतं, इंजिनीअरबाई."

७ डिसेंबर
दादा दिवसभर फोनवर. आई शेजारी नुसती बसून.
तिकीट परवडत नव्हतं तेव्हा वर्षभर पैसे साठवून यायचा आणि महिनाभर राहायचा. बाबांबरोबर छपराची गळती काढायचा. आता वर्षातून चारदा येतो. चारही वेळा बूट दारातच, नाडी न सोडता काढलेले.

८ डिसेंबर
दादा गेला. निघताना आईने गोधडी त्याच्या पिशवीत कोंबली. चेन लागेना, त्याने गुडघ्याने दाबून लावली. "आई, यात मी उकडून मरेन गं." ती खूप दिवसांनी हसली.

गेटजवळ एक लोखंडी चौकट आहे. पिशवी तीत बसली नाही तर तिकिटाहून जास्त पैसे भरायचे, नाहीतर सामान कमी करायचं. शेजारी मोठं पिंप. टोप्या, शिंपले, ओले टॉवेल. संध्याकाळी सगळ्यात वर बाबांचा निळा चौकडीचा शर्ट. त्याचा खिसा मीच उसवून दिला होता आईला.
ओढला. सगळी गोधडी बाहेर आली.
लॉकर उघडला. फोनवर दादाचे दोन मिस्ड कॉल. मी तेव्हा मशीनच्या पोटात होते.
गोधडी लॉकरमध्ये ठेवली. दादाला उलट फोन केला नाही.

११ डिसेंबर
आईने स्पीकर लावून विचारलं, "पांघरतोस ना रे?"
"रोज. घाम फुटतो."
मी ताटं पुसत होते. पुसत राहिले.

१९ डिसेंबर
आणखी दोन विमानं वाढवली. कामावर माणसंही वाढली, लॉकर दोघींत एक. गोधडी घरी आणली. माझ्या कपाटात, कोटांच्या मागे.

२६ डिसेंबर
घरी आले तर आई माझ्या पलंगावर. मांडीवर गोधडी. बोटांनी टाके चाचपत होती.
"कधी आणलीस?"
"गेल्या आठवड्यात."
"त्याने टाकली?"
"पिशवी बसली नाही." मग बाकीचंही सांगितलं – पिंप, दोन फोन, मी न उचललेले. आणि नंतरही न केलेला.
तिने गोधडीची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.
"धुतलीस का?"
"नाही."
"नको धुऊस."
जेवलो. ती लवकर झोपली, किंवा दिवा तरी मालवला.

२ जानेवारी
दादाचा फोन. तिकिटं पुन्हा उतरलीत, दोन दिवस येऊन जातो म्हणाला.
आई म्हणाली, "नको रे. महाग झालं की ये."