थोरलीची मुलाखत

सोमवार, ३ जून

थोरलीचं पोट बिघडलंय. आजच! कॉलेजच्या प्रवेशाची मुलाखत दोघींना आहे – मला सकाळी पाच नंबरच्या खोलीत, तिला दुपारी आठ नंबरच्या. आम्ही जुळ्या. सात मिनिटांनी मोठी असल्याचा तोरा सतरा वर्षं मिरवला, आणि आज मुटकुळं करून पडलीय. म्हणते, "माझ्याही जागी तूच जा. आईचीसुद्धा आपल्यात गल्लत होते, त्यांना काय कळणार?"

संध्याकाळी

दोन्ही दिल्या! मध्ये जिन्यात भांग बदलला, तिचा चष्मा लावला. त्यातून धड काही दिसेना, म्हणून भीतीही वाटली नाही. विचारतात, तुझ्यात वेगळं काय? जुळ्या मुलीला! सकाळी सुचेल ते बोलले, दुपारी तेच घडाघडा म्हणून टाकलं. वर 'मला खोटं बोलता येत नाही' असंही ठोकून दिलं.

बुधवार, ५ जून

थोरली काल दोन वेळा पोटभर जेवली. पोट भलतंच लवकर सुधारलं.

शनिवार, २२ जून

यादी लागली. थोरली आत. मी बाहेर.

दोन वर्षं या कॉलेजाचा जप केला तो मी. तिला माहितीपत्रक वाचायचाही कंटाळा. बाबा कुणाचं अभिनंदन करावं ते न कळून नुसते घसा खाकरत राहिले. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मंगळवार, २५ जून

घरी मुलाखतीचे शेरे आले. माझा – 'उत्तरं पाठ केलेली वाटतात.' तिचा – 'उत्स्फूर्त, प्रांजळ.' हसून हसून ठसका लागला. पाच नंबरातले सर सारखं घड्याळ बघत होते, आठ नंबरातल्या बाई नुकत्याच जेवून आल्या होत्या. दुसरा फरक मला तरी सापडला नाही. माहितीपत्रकात छापलंय, आम्ही नाना तऱ्हेची मुलं घेतो. एकाच मुलीच्या दोन तऱ्हा केल्या आणि त्यातली एक घेतली!

आईने थोरलीला नवी बॅग आणली. चेन उघडून बघितली. चांगली आहे मेली.

शुक्रवार, २८ जून

थोरली म्हणाली, "पोट दुखतच नव्हतं गं. मला कुठं जायचं होतं तिथं? म्हटलं, तुला दोनदा संधी मिळेल. आता माझ्या नावावर तूच जा." आणि तिचा चष्मा माझ्या हातात ठेवला.

बाकी सगळ्यांना संधी एकदाच मिळाली होती.

चष्मा लावून पाहिला. काही दिसलं नाही, पण या वेळी भीती वाटली.