ह्यांची गाडी आणि माझी तपासणी

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९
चारुताचा फोन. ह्यांच्या वर्षश्राद्धासाठी बंगलोरहून येते आहे. शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाला नव्या विमानतळावर उतरेल. म्हणाली, कॅबने येईन. मी म्हटलं, कॅब कशाला? गाडी आहे, मी आहे, विमानतळ जेमतेम दहा किलोमीटर. त्यावर म्हणाली, "आई, ती गाडी वर्षभर हललेली नाही. आणि तूही." दुसरं वाक्य ऐकू आलं नाही असं धरलं.

माझी मुलगी कुठूनही येवो, हे तिला आणायला जात. अर्धा तास आधी पोचत. ती पद्धत मोडणार नाही.

४ फेब्रुवारी
नवी बॅटरी बसवून घेतली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. ब्रेक ठीक. राहिलं स्टिअरिंग आणि सस्पेन्शन. त्याची प्राथमिक तपासणी नवशिक्यालाही जमते असं मोबाईलवर वाचलं. मेकॅनिकची गरज नाही. वहीत यादी केली, लाल समास आखून. शाळेत सिस्टर बर्नाडेटनी 'वेरी नीट' दिलं असतं.

५ फेब्रुवारी
तपासणी १. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडायचा. एकदा वर येऊन थांबली तर उत्तम. उसळत राहिली तर शॉकअप गेले. मी दाबला. गाडी हललीच नाही. म्हणजे अत्युत्तम.

वॉचमन धर्मराज म्हणाला, मॅडम, मी बघतो. त्याने दाबल्यावर चार वेळा उसळली. धर्मराजचं वजन नव्वद किलो. विमानतळावर जाताना तो बॉनेटवर बसणार नाहीये.

७ फेब्रुवारी. संध्याकाळी
तपासणी २. टॉर्च घेऊन चाकामागे पाहिलं. शॉकअपवर तेलाचा ओघळ. वाचलं होतं की तिथे तेल दिसता कामा नये. पण हे दर रविवारी शिलाई मशीनच्या तेलाची डबी घेऊन घरभर फिरायचे, एक बिजागरी सोडायचे नाहीत. इथेही घातलं असणार. पुसलं नाही. बोट लावून पाहिलं. अजून ओलं आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
तपासणी ३. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे फिरवायचं. ते दोन बोटांइतकं फिरेपर्यंत पुढचं चाक हललं पाहिजे. माझी चार बोटं झाली. पण माझी बोटं बारीक आहेत.

नंतर सव्वा तास आत बसून राहिले. तपासणीचाच भाग. डॅशबोर्डच्या कप्प्यात ह्यांची बडीशेपेची डबी मिळाली. बडीशेप मऊ झाली आहे. खाल्ली.

घरी वर गेल्यावर लक्षात आलं, सकाळपासून कोणाशी बोललेच नाही. घशाला विश्रांती.

१० फेब्रुवारी
तपासणी ४, रस्त्यावर. वडाळे तलावापर्यंत जाऊन आले. लायसन्स सदतीस वर्षांचं, पण शेजारी कोणी नसताना चालवायची पहिलीच वेळ. "हळू" म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने म्हणत होते.

गाडी डावीकडे ओढते. रस्ताच डावीकडे उतरता असणार, जाताना आणि येतानाही. स्पीडब्रेकरवर खट् आवाज. डिकीत काहीतरी असेल. डिकी उघडली. रिकामी. मग सीटखाली असेल.

निकाल: गाडी उत्तम. चारुताला कळवलं. तिने अंगठा पाठवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
उरण नाक्यावरच्या हरेशला बोलावलं, फक्त हवा भरायला. ह्यांचा जुना मेकॅनिक. न विचारता जॅक लावून पुढचं डावं चाक वर-खाली हलवलं. टकटक वाजलं. म्हणाला, "काकू, खालचा बॉल जॉइंट पार गेलाय. शॉकअपपन गेलं. हिला गेटच्या भायेर काढू नका." मी म्हटलं, दहा किलोमीटर तर जायचंय. म्हणाला, "चाक निसटायला धा मीटरपन बास हाय. काकांनापन दोनदा बोललो होतो. ते बोलायचे, बघू."

म्हणजे हे ह्याच जॉइंटवर खुशाल फिरत होते. मग मी का नाही?

ह्यांनी मला सांगितलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी
गाडी धुतली. सीटकव्हर बदलली. उद्या नऊला निघायचं, म्हणजे अर्धा तास आधी पोचेन.

१४ फेब्रुवारी. दुपारी ३
निघाले नऊ वाजून दहा मिनिटांनी. गेटमध्ये वळताना खट्, आणि गाडी डावीकडे बसली. चाक बाहेरच्या बाजूला आडवं. वेळ नऊ अकरा.

मागे सात गाड्या. बी विंगमधले एक गृहस्थ काच खाली करून म्हणाले, "आजी, ही काय पार्किंगची जागा आहे?" शेवटी धर्मराजने मागचं गेट उघडलं. मी काचा लावून आतच बसले. हरेश फोनवर म्हणाला, येतो, पन टाइम लागंल.

सव्वादहाला चारुताचा फोन. मी म्हटलं, निघालेच आहे, जरा ट्रॅफिक आहे. ती म्हणाली, "तू नीट आहेस ना? थांब तिथेच. मी कॅब घेते."

पावणेअकराला कॅब गेटपाशी थांबली. आत यायला वाट नव्हती. चारुता उतरली. चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुलाच घ्यायला निघाले होते. तिने बॅग मागच्या सीटवर टाकली, शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "चल."

हरेश येईपर्यंत वीस मिनिटं तशाच बसलो. तिने माझा हात धरला होता, गिअरवरचा. पुढे रस्त्याकडेच बघत होती. मीही.

तेव्हा काटेकोरपणे पाहता, मी तिला घ्यायला गेले.

हरेशने गाडी टोचन करून नेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार
काल श्राद्ध नीट पार पडलं. चारुता संध्याकाळी सहाला गेली. परतीची कॅब तिने तिकिटाबरोबरच बुक केली होती.

हरेशला फोन केला. म्हणाला, "पार्ट मिलंल तवा."

धर्मराज विचारत होता, तुमच्या जागेवर पाहुण्यांची गाडी लावू का? लाव म्हटलं.

आज तपासण्यासारखं काही नाही.