चोवीस इंचाचा हट्ट

४ मार्च, सोमवार

अठरा, वीस की चोवीस? दिवसभर डोक्यात हेच.

शाळेच्या मैदानातलं ते अवाढव्य झाड वादळात आडवं झालं, ते नेमकं माझ्या वखारीच्या भिंतीपलीकडे. आज मुख्याध्यापिका बाई स्वतः वखारीत आल्या. म्हणाल्या, "लाकूड तुम्ही न्या, फांद्या उद्यापासूनच काढायला घ्या. पण बुंधा कोण कापणार ते येत्या सोमवारी मला नक्की सांगा. तो मोठ्या मशीनवाला ठेकेदार रोज फोन करतोय."

कोण कापणार म्हणजे काय — दाजी! ताईचा नवरा. या वखारीतला पहिला ओंडका त्यांनी कापला आणि त्यानंतरचा प्रत्येक. पण एवढा बुंधा आमच्या चेनसॉनं आजवर पाहिलेला नाही. आणि ठेकेदार एकदा आत शिरला की पुढची मोठी झाडंही त्याचीच. दाजींचं मशीन मग खुंटीला. हे त्यांनाही कळतं, मलाही.

दाजी बाईंसमोरच म्हणाले, "शेठ, चोवीसचं पातं आण. मग बघ."

शेठ हे ते मला चिडवायला म्हणतात. त्यांच्या हाताखाली लाकडं वाहूनच मी शेठ झालो.

५ मार्च, मंगळवार

सकाळी टेप घेऊन मैदानात. बुंध्याच्या दोन्ही अंगांना एकेक काठी उभी धरली आणि मधलं अंतर मोजलं. मुळाशी छत्तीस इंच. थोडं वर सरकलं की तीस. जिथून फांद्या फुटतात तिथं वीसही नाही. म्हणजे एवढा बाऊ फक्त बुडख्याच्या चार-पाच कापांचा. बाकी झाड आपल्यासारखंच — खाली जाड, वर बरं.

आता हिशेब असा. पातं म्हणजे चेन ज्याच्यावरून पळते ती लोखंडी पट्टी. आत्ताचं आहे अठराचं. एका बाजूनं कापायचं, मग पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूनं. अठरा आणि अठरा छत्तीस, पण टोकाशी थोडं वाया जातं, तेव्हा मधे गाभा शिल्लक राहणार. विसाचं घेतलं की दोन्ही काप एकमेकांना भेटतात. झालं काम.

मग चोवीस कशाला? चोवीसनंही एका दमात छत्तीस कापलं जात नाही! त्यालाही दोन्ही बाजूंनी जावंच लागतं. वरचे चार इंच मिळवून दाजींना मिळणार काय?

माणूस हुशार आहे. उगाच मागणार नाही. मग?

६ मार्च, बुधवार

दुकानात गेलो. दुकानदार पातं हातात घेऊन तलवारीसारखं फिरवतो, पण बोलतो सरळ.

"तुमच्या मशीनला वीस झेपतं. चोवीस बसेल, चालेलही. पण सगळंच्या सगळं लाकडात बुडवलंत तर रडेल. चेन लांब, तिला ओढायला दम लागतो. टोकापर्यंत तेल नीट पोचलं नाही तर तापणार. धार लावायला दातही जास्त."

"आणि तरी लोक घेतात?"

"घेतात की. मिशीसारखं आहे ते. लांब असली की बरं वाटतं."

शेजारी एक गिऱ्हाईक हसलं. मीही हसलो. पण दाजींना मिशीच नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावे. मशीनलाही तेच लागू."

"अगं, पण दाजी का मागतायत?"

"मग दाजींना विचारा ना. दुकानदाराला काय विचारताय?"

विचारलं संध्याकाळी. दाजी म्हणाले, "हात पोचतो लांब." आणि विषय बदलला.

७ मार्च, गुरुवार

मशीनचा आवाज सुधारलाय. आश्चर्य!

८ मार्च, शुक्रवार

कालचं नीट लिहितो. मी गल्ल्यावर बसून भिंतीपलीकडचं मशीन ऐकतो. इतकी वर्षं ऐकतोय, मला पाहावं लागत नाही. दाजींची सवय पक्की — लाकडाला लावण्याआधी हवेत दोनदा घुर्र, घुर्र. बैलाला हाक मारावी तसं. मग लावतात आणि वरून रेटतात. आवाज जड होतो, घोगरा होतो. मी किती वेळा म्हटलं, रेटू नका, चेनला तिचं तिचं खाऊ द्या. "तू गल्ला सांभाळ, शेठ."

हल्ली मधूनच ती घुर्र-घुर्र येत नाही. मशीन सुरू होतं, थेट लाकडात जातं, आवाज एका पट्टीत, काप संपता संपता हळूच सैल. लोण्यातून दोरा जावा तसं. या वयात माणूस हात सुधारतो? कौतुक वाटलं. दुपारी मुद्दाम सांगायला गेलो.

फाटकाची कडी वाजवली आणि मशीन बंद झालं. आत दाजी उभे, मशीन पायाशी. ताई जेवणाचा डबा घेऊन आलेली, फांदीवर बसलेली. पदरावर भुसा, केसांत भुसा.

"दाजी, हात सुधारला तुमचा."

दाजी ताईकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? तुझा भाऊ कौतुक करतोय."

ताई म्हणाली, "त्याचे कान लहानपणापासून लांबच. जेव आता, ये."

जेवलो. हसत होती दोघं. माझं काय चुकलं कळलं नाही.

एक मात्र पाहिलं. कमरेएवढ्या उंचीवरच्या फांद्या सगळ्या साफ. जमिनीलगतच्याही बऱ्याच साफ. पण दाजी पाणी प्यायला वळले तेव्हा तांब्या जमिनीवर होता. त्यांनी तो उचलला नाही. ताईनं उचलून हातात दिला.

९ मार्च, शनिवार

सापडलं!

दाजी सकाळी वखारीत आले, तेव्हा बुटांकडे नजर गेली. नाड्यांची गाठ मधे नाही, बाहेरच्या अंगाला, दुहेरी. असली गाठ जगात एकच बाई घालते. माझ्या शाळेच्या बुटांना ताईच घालायची. मधे घातली की मी खेळताना सोडतो म्हणून.

नाड्या बायको बांधते. तांब्या बायको उचलते. दाजींना वाकता येत नाही!

आणि लगेच चोवीस इंचाचं कोडंही सुटलं. मी गाढवासारखा बुंध्याची जाडी मोजत बसलो. पातं लांब हवंय ते जाड लाकडासाठी नाहीच — जमिनीवरच्या फांदीसाठी! ताठ उभं राहून टोक खालपर्यंत पोचावं म्हणून. बारीक फांदीत पातं पूर्ण बुडत नाही, म्हणजे मशीन रडणारही नाही. हात पोचतो लांब! खरंच सांगितलं होतं त्यांनी. मीच ऐकलं नाही.

शाबास दाजी. पण आनंद अर्ध्या तासात उतरला. फांद्या चोवीसनं निघतील, बुंध्याचं काय? तिथं दोन्ही अंगांनी गुडघा टेकावा लागतो. शेवटचा काप मातीला लागू नये म्हणून पहारीनं ओंडका उलटावा लागतो. न वाकता येणाऱ्या माणसाला छत्तीस इंची बुंध्याशी उभं करायचं? पाठीत चमक भरली आणि चालू मशीन हातात असलं तर?

१० मार्च, रविवार

हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "ताईंना विचारलंत?"

"ताई काय सांगणार? नवऱ्याची बाजू घेणार."

"तुम्हाला सगळं ऐकू येतं हो," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

ठरवलं. ठेकेदाराला होकार. दाजींना गल्ल्यावर बसवीन, गिऱ्हाईक सांभाळतील, चेनला धार लावतील. मान राहील. राहील का? खुंटीवरच्या मशीनखाली बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतोय.

तोंडावर सांगितलेलं बरं. उद्या सकाळी चहाला बोलावलंय. मग बाईंना कळवतो.

११ मार्च, सोमवार

दाजी आले. समोर बसले. चहा दिला. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "दाजी, त्या बुंध्याचं —"

भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं.

घुर्र-घुर्र नाही. थेट लाकडात. एका पट्टीत.

दाजी बशीत चहा ओतत राहिले. "विसाचं पातं तिला दे," म्हणाले. "बुंधा ती घेईल, तिला वाकता येतं. चोवीसचं मला. नाहीतर फांद्याही मला परत देत नाही ती."

बाईंना निरोप धाडला: बुंधा आमच्याच घरातलं माणूस कापणार. मग दुकानात गेलो. दोन्ही पाती घेतली, आणखी एक मशीन सांगितलं. दुकानदार म्हणाला, "जाड बूटही लागतील. माप?"

ताईच्या पायाचं माप मला माहीत नव्हतं.