खंडेनवमी आणि डावा पंख

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. स. ७.४०
कोणी यायच्या आत लेझर ट्रॅकरची पूजा उरकली. विमानाचा पंख नेमका कुठे धरायचा ते हाच सांगतो. आरशाचा गोळा ज्या वाट्यांत ठेवून मोजतात, त्यातल्या मुख्य तीन वाट्यांना ओलं हळदकुंकू लावलं. उदबत्ती नाही, फायर अलार्म वाजतो. सगळं वेळेसह लॉगमध्ये लिहिलं. सोमवारी डाव्या पंखाचं काम. ते झालं की टीमचा लीड मीच. मॅनेजर ब्रेट तसं बोलला नाही, पण मान हलवली.

३ ऑक्टोबर
स्नेहल माझ्या हाताखाली आहे. पुण्याची, ऑकलंडला शिकलेली. आज सगळ्यांसमोर मला काका म्हणाली. मी सेहेचाळीसचा आहे. वर म्हणे मोजमापात ०.२ मिलीमीटरचा फरक येतोय, वाट्या पुसून बघू या. मी सांगितलं, वाट्यांकडे मी जातीनं लक्ष दिलंय.

६ ऑक्टोबर
फरक तेवढाच. स्नेहल पुन्हा मध्ये बोलली. तिला सगळ्यांसाठी कॉफी आणायला पाठवलं आणि भोकं पाडायला सांगितली. चौसष्ट. झकास पडली.

७ ऑक्टोबर
पंखाची भोकं विमानाच्या भोकांशी जुळत नाहीत. एकही नाही. ब्रेटला ईमेल केला, स्नेहल गोळा नीट बसवत नाही. तिचा व्हिसा या नोकरीवर आहे, त्यामुळे फार वाईट वाटलं. डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, खिम्याचं गरम पॅटिस आणून खाल्लं. मग बरं वाटलं.

९ ऑक्टोबर
चौकशी होईपर्यंत स्नेहल घरी. जाताना रडली. मी म्हटलं, अनुभवानं येतं सगळं. निशिगंधा म्हणाली, त्या मुलीला एकदा जेवायला बोलवा. बायकोला म्हटलं, लीड झाल्यावर बोलावू. ओवी म्हणाली, "बाबा, दॅट्स रिअली मीन." लेकीला ऑफिसातलं काय कळतंय.

१३ ऑक्टोबर
मीच ब्रेटला सुचवलं, उद्या स्नेहलला बोलवा आणि सगळ्यांसमोर एकेक गोष्ट तपासा. होऊन जाऊ दे.

१४ ऑक्टोबर
ब्रेटनं पांढऱ्या कापडानं वाटी पुसली. कापड लाल. दुसरी पुसली, तिसरी पुसली. रक्त आहे का, असं त्यानं विचारलं. स्नेहलला ठाऊक होतं काय आहे ते. मग ब्रेटनं माझा लॉग उघडला. १ ऑक्टोबर, ७.४०. माझं अक्षर सुवाच्य आहे.

२८ ऑक्टोबर
पंख भंगारात. स्नेहल लीड. वाट्या पुसायचं काम माझ्याकडे. आज तिनं टॉर्च घेऊन मी पुसलेली पहिली वाटी वाकून बघितली. म्हणाली, "काका, परत पुसा."
पुसली. लॉगमध्ये वेळ लिहिली.